जुन्या गाडीत पॉवर सॉकेट बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे १९९८ ची मारुती ८०० आहे. बाबांनी ती नवी घेतली, आता मी चालवतो. तिच्यात सॉकेट, म्हणजे चार्जर लावायचं १२ व्होल्टचं गोल भोक, नव्हतंच. मोबाइल आले तेव्हा एका दुकानात पंधरा मिनिटांत बसवून घेतलं आणि बरीच वर्षं त्यावर फक्त फोन चार्ज झाला. मग एका पावसाळ्यात ताम्हिणी घाटात मागचं चाक बसलं. हवा भरायचा छोटा पंप सॉकेटला लावला आणि तीन-चार मिनिटांत गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास भरला. प्लग ओढून काढला तेव्हा तो हातात धरवत नव्हता.

घरी येऊन डॅशबोर्डखाली डोकं घातलं. दुकानदाराने रेडिओच्या बारीक वायरीचं आवरण तासून, त्यावर सॉकेटची वायर नुसती पिळून काळी टेप गुंडाळली होती. टेपचा डिंक वितळून काकवीसारखा खाली ओघळला होता. आत तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, त्यातल्या निम्म्या तुटलेल्या. रेडिओचा फ्यूज मध्ये एकदा सारखा उडायला लागला होता, म्हणून त्याच दुकानात त्याजागी २० अँपिअरचा पिवळा फ्यूज घालून दिला होता. गाडी पेटली नाही एवढंच.

त्यानंतर ते सगळं उपटून मी नव्याने केलं. पुढे नात्यातल्या आणि सोसायटीतल्या चार-पाच जुन्या गाड्यांनाही सॉकेट बसवून दिलं. लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून ते इथे लिहून ठेवतोय. ८०० ही माझी हाताखालची गाडी, त्यामुळे उदाहरणं तिचीच जास्त आहेत. पण ओम्नी, झेन, एस्टीम, जुनी सँट्रो, इंडिका यांना तत्त्व तेच लागू पडतं.

गाडीत सिगारेट लायटरचं सॉकेट आधीच आहे. तेच वापरलं तर चालत नाही का?

चालतं. फक्त आधी बॅटरी टॉर्च घेऊन त्याच्या आत बघा. गंज, काळे डाग किंवा सैल झालेली मधली पट्टी दिसली तर सॉकेट बदला. लायटरचं सॉकेट तापलेली कॉइल धरून ठेवायला बनवलेलं असतं आणि त्यात त्यासाठी खास स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. चार्जरचा प्लग त्यात थोडा डुगडुगतो. प्लग डुगडुगला की टेकण्याची जागा कमी होते, आणि करंट जास्त असेल तर नेमकी तीच जागा तापते.

उलटं मात्र कधीच करू नका. आज बाजारात मिळतं ते नुसतं पॉवर सॉकेट असतं, त्यात त्या पट्ट्या नसतात. जुना लायटर त्यात दाबला तर तापल्यावर तो बाहेर उडी मारत नाही, आतच लाल होत राहतो. घरात कुणाच्या खणात जुना लायटर पडला असेल तर टाकून द्या.

कशाला किती करंट लागतो?

हिशेब सोपा आहे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून वॉटला १२ ने भागा, अँपिअर मिळतात. २० वॉटचा फास्ट चार्जर दोन अँपिअरच्या आत राहतो. डॅशकॅम अर्ध्या अँपिअरच्या आसपास. गाडीत ठेवायचा छोटा थंड डबा ४ ते ५ अँपिअर. गाडीतला व्हॅक्युम क्लीनर ८ ते १० अँपिअर. हवा भरायचा पंप १० अँपिअर सहज ओढतो, काही १५ पर्यंतही जातात.

बाजारातली बहुतेक सॉकेट १० अँपिअरची, म्हणजे १२० वॉटची असतात. मी नेहमी सुचवतो की १० अँपिअर धरूनच काम करा. "मला फक्त फोन चार्ज करायचाय" असं आज सगळेच म्हणतात. पण सॉकेट गाडीत दहा वर्षं राहतं आणि एक दिवस कुणीतरी त्यात पंप लावतंच. आमच्याकडे तेच झालं.

त्याहून मोठ्या पंपांसोबत बॅटरीला लावायचे चिमटे येतात. ते पंप थेट बॅटरीवरच चालवा.

रेडिओच्या किंवा एखाद्या जवळच्या वायरीवरून लाइन घेतली तर काय बिघडतं?

ती वायर रेडिओपुरती घातलेली असते. वायरीतून करंट दुप्पट नेला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यात जुन्या गाडीची वायर पंचवीस-तीस उन्हाळे पाहिलेली असते, आवरण कडक होऊन तडकलेलं असतं. फोनच्या चार्जरने तिला काही होत नाही, आणि त्यामुळेच धोका वर्षानुवर्षं कळत नाही.

दुकानात वेळ वाचवायला निळी प्लास्टिकची चिमटी लावतात. चालू वायरीवर ती दाबली की आतली पात आवरण कापून तांब्याला टेकते. त्या पातीने काही तारा तुटतात, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या फटीतून ओल शिरते आणि दोन-तीन वर्षांत जोड हिरवा पडतो. मी गाडीच्या मूळ वायरिंगला शक्यतो हातच लावत नाही. बॅटरीपासून वेगळी लाइन ओढायला एक तास जास्त जातो, पण नंतर रेडिओ बंद पडला तर तो आपल्यामुळे पडला का, हा प्रश्नच उरत नाही.

२००० च्या आसपास ८०० मध्ये एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरने चालणारं पेट्रोल इंजेक्शन, आलं. त्या आणि नंतरच्या गाड्यांत इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाणारी वायर चुकूनही टॅप करू नका. तिथे अर्ध्या व्होल्टचा गोंधळ झाला तरी इंजिन नाटकं करतं आणि कारण शोधण्यात आठवडा जातो.

वायर कुठली घ्यावी?

८०० मध्ये बॅटरी बोनेटखाली असते. तिथून डॅशबोर्डपर्यंत वळणं धरून दोन ते अडीच मीटर वायर लागते. त्यासाठी २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची गाडीसाठीची वायर घ्या. १.५ ची चालते, ०.५ ची नको.

का, ते आकड्यांत सांगतो. अडीच मीटरच्या २.५ च्या वायरीत १० अँपिअरला साधारण ०.२ व्होल्ट गळतात. १.५ च्या वायरीत ०.३. ०.५ ची वापरली तर जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीतच जिरतात. म्हणजे सुमारे ९ वॉटची उष्णता त्या वायरीतून बाहेर पडत राहते, आणि तीही बाकीच्या वायरींच्या जुडग्यात टेप गुंडाळलेल्या अवस्थेत.

घरच्या वायरिंगचा तुकडा उरलाय, तो वापरू का, असं हमखास विचारतात. केबिनच्या आत निभावून जाईल, बोनेटखाली नको. घरगुती वायरीचं साधं पीव्हीसी आवरण सुमारे ७० अंशांसाठी असतं. मे महिन्यात घाट चढून आलेल्या गाडीच्या इंजिनपाशी ते मऊ पडतं. एकच जाड तार असलेली कडक वायर तर गाडीत कुठेच घालू नये, हादऱ्यांनी ती आतून मोडते.

दुकानात गेल्यावर "लायटर सॉकेटला वायर द्या" एवढंच म्हणू नका, मिळेल ती वायर हातात पडते. माप सांगा आणि आवरणावर छापलेलं वाचून घ्या. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला गाडीची वायर मीटरवर मिळते.

फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे बसवायचा?

या पानातलं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

फ्यूज वायरीसाठी असतो. फोन, चार्जर, पंप यांना वाचवणं हे त्याचं काम नाही. वायर जेवढं झेपेल त्याच्या आत तो तुटला पाहिजे. म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत बसला पाहिजे. पुष्कळ जण तो डॅशबोर्डखाली, सॉकेटच्या मागे बसवतात, कारण तिथे बदलायला सोपा. पण मग बॅटरी ते डॅशबोर्ड या दोन मीटर वायरीला रक्षणच नाही. इंजिनच्या मागच्या पत्र्याला घासून तिचं आवरण गेलं, तांबं बॉडीला टेकलं, तर बॅटरीत आहे नाही तो सगळा करंट त्या वायरीतून वाहतो. काही सेकंदांत ती लाल होते. डॅशबोर्डखालच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

२.५ ची वायर आणि १० अँपिअरचं सॉकेट असेल तर १० अँपिअरचा लाल पात्याचा फ्यूज घाला. पंप सुरू होताना तो उडत असेल तर १५ चा निळा, पण सॉकेटवर १५ अँपिअर लिहिलेलं असेल तरच. त्याच्या वर नको. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय तर कारण शोधा. मोठा फ्यूज घालणं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, तारेचा तुकडा घालणं, हे सगळे गाडी पेटवायचे रस्ते आहेत. मी आमच्या गाडीत ते डोळ्यांनी पाहिलंय.

फ्यूज होल्डर झाकणवाला, पाणी न शिरणारा घ्या. बोनेटखाली उघडा होल्डर एका पावसाळ्यात गंजतो.

सॉकेट चावीवर चालू व्हावं की कायम चालू असावं?

चावीवर. गाडी रोज चालत असेल आणि तुम्ही काटेकोर असाल तर कायम चालूही चालेल, पण जुन्या गाड्या आठवडा आठवडा उभ्या असतात आणि तेवढ्यात बॅटरी उतरते.

चावीवर आणायचं तर सगळा करंट चावीच्या स्विचमधून नेऊ नका. तीस वर्षं जुन्या स्विचचे पॉइंट आधीच झिजलेले असतात. मध्ये चार पिनांचा रिले घाला, म्हणजे बारीक करंटने जाड लाइन चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या पोटावर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे कोरलेले असतात. बॅटरीवरून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर ३० ला. ८७ वरून सॉकेटला. ८५ बॉडीला अर्थ. ८६ ला चावीने चालू होणारी बारीक वायर. रिलेची कॉइल सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअरच घेते, त्यामुळे ही बारीक वायर फ्यूज बॉक्समधल्या चावीवरच्या जागेवरून घ्यायला हरकत नाही. तिलाही छोटा फ्यूज ठेवा.

ती वायर एसीसीवरून (चावीची इंजिनाआधीची, रेडिओ चालतो ती जागा) घ्या, ऑनवरून नको. कार्ब्युरेटर आणि पॉइंटवाल्या (इग्निशनला उघडझाप करणारा यांत्रिक स्विच असलेल्या) गाडीत इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून फोन चार्ज करत बसलं, आणि पॉइंट नेमके मिटलेल्या जागी थांबलेले असले, की इग्निशन कॉइल नुसतीच तापत राहते. अर्ध्या तासात ती जायची शक्यता असते. लग्नाच्या हॉलबाहेर गाणी लावून बसलेल्यांच्या कॉइल अशा गेलेल्या पाहिल्या आहेत.

सॉकेट नेमकं कुठे बसवू? डॅशबोर्डला भोक पाडायचं जिवावर येतं.

पाडू नका. आधी ॲशट्रे काढून बघा. जुन्या गाड्यांत ॲशट्रे असतोच आणि आता त्यात टोलच्या पावत्यांशिवाय काही नसतं. त्याच्या मापाची ३ मिलिमीटरची काळी ॲक्रिलिक पट्टी कापून तिच्यात सॉकेट बसवलं की मूळ गाडीला ओरखडा नाही, आणि मूळ ॲशट्रे कपाटात जपून ठेवता येतो. मी तसंच केलंय. दुसरा पर्याय डॅशबोर्डखाली स्क्रूने लटकवायचा ब्रॅकेट, तो सॉकेटसोबत मिळतोही.

भोक पाडायचंच असेल तर बहुतेक सॉकेटला २८-२९ मिलिमीटरचं लागतं. आपलं सॉकेट हातात घेऊन मोजा. मागे पाच-सहा सेंटिमीटर मोकळी जागा हवी, आणि तिथे हीटरची पाइप, वायपरची यंत्रणा किंवा वायरींचा जुडगा नाही, हे मागून हात घालून बघितल्याशिवाय ड्रिल सुरू करू नका.

सॉकेटचं तोंड वर आकाशाकडे नको. त्यात नाणं, केसाची पिन, पावसाचं पाणी जातं. मधली पिन पॉझिटिव्ह आणि बाजूचं नळकांडं निगेटिव्ह, त्यामुळे एक रुपयाचं नाणं शॉर्ट करायला पुरतं. झाकणाचंच सॉकेट घ्या.

वायर इंजिनकडून आत कशी आणायची?

इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात मूळ वायरींसाठी रबरी बूच असतं. त्याच्यातच सुईने भोक पाडून वायर ओढा. सायकलच्या स्पोकला वायरीचं टोक टेपने बांधलं की सरळ आत येते. पत्र्याला नवं भोक पाडलंत तर रबरी कडं घातल्याशिवाय त्यातून वायर नेऊ नका, पत्र्याची धार काही महिन्यांत आवरण कापते. बोनेटखालची पूर्ण लांबी खाचांच्या काळ्या प्लास्टिक नळीत घाला आणि दर वीतभर अंतरावर केबल टायने बांधा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपपासून आणि फॅनच्या पट्ट्यापासून लांब ठेवा.

जोड डाग देऊन (सोल्डर करून) करू की थिंबल दाबून?

थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकावर चेपायचं धातूचं टोक, दाबून, आणि ते योग्य पकडीने. दातांनी किंवा साध्या पकडीने चेपलेलं थिंबल ओढून बघा, निघून येतं. डाग दिलेली तार कडक होते आणि डाग संपतो तिथे हादऱ्यांनी तुटते. वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळून बसणारी नळी, चढवा. काळ्या टेपचा डिंक वितळतो, हे मी वर सांगितलंच.

अर्थिंग कुठे द्यायचं?

सॉकेट चालत नाही अशा तक्रारींत निम्म्या वेळा दोष अर्थचा निघतो. डॅशबोर्डखाली बॉडीला घट्ट बसलेला बोल्ट शोधा. प्लास्टिकला आवळलेला स्क्रू उपयोगाचा नाही. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने तासून पत्रा चकचकीत करा, गोल थिंबल लावा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडा. कोकणात गाडी असेल तर ही जेली विसरू नका. रत्नागिरीच्या मावशीच्या ओम्नीत खाऱ्या हवेने अर्थचा बोल्ट एवढा गंजला होता की पान्याखाली त्याचा भुगा झाला. तिथे मी अर्थची वायरही सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली.

अर्थची वायर पॉझिटिव्हएवढीच जाड हवी. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो.

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. जीप आहे. तिथे काही वेगळं?

हो, आणि इथे घाई नको. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण हौसेने जपलेल्या पद्मिनी आणि फियाट महाराष्ट्रात अजून पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट, बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते डोळ्यांनी बघा. साठच्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असायचं. सुरुवातीची ॲम्बेसेडर असेल तर तिथेही अंदाजाने जाऊ नका. सॉकेटचं बाहेरचं नळकांडं निगेटिव्ह असतं. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ते पत्र्याच्या डॅशबोर्डला टेकलं तर सरळ शॉर्ट. अशा गाडीत सॉकेट प्लास्टिकच्या खोक्यात, बॉडीपासून पूर्ण वेगळं बसवायचं आणि दोन्ही वायरी ओढून आणायच्या.

दुसरी गोष्ट, व्होल्टेज. मूळ विलीज जीप ६ व्होल्टची. पुढे पुष्कळ जीप १२ वर बदलल्या गेल्या, म्हणून मल्टीमीटरने बघा. बॅटरीला तीनच बुचं असतील तर ती ६ व्होल्टची, सहा असतील तर १२ ची.

तिसरी, डायनामो. अल्टरनेटरऐवजी डायनामो आणि कटआऊट (बॅटरीतून डायनामोकडे उलटा करंट जाऊ न देणारा भाग) असलेली गाडी सिग्नलला उभी असताना बॅटरीला जवळजवळ काहीच देत नाही. रात्री हेडलाइट लावून शहरात फिरताना त्यावर थंड डबा चालवला तर बॅटरी उतरणारच. फोनपुरतं सॉकेट ठेवा.

आणि फ्यूज. त्या काळच्या गाड्यांत दोन्ही टोकांना निमुळते, चिनी मातीचे फ्यूज असतात. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. त्यांच्या पितळी पट्ट्या सैल होतात आणि तापतात. नवीन लाइनला तसला फ्यूज शोधत बसू नका, वेगळा पात्याचा होल्डर लावा.

सॉकेट नको, थेट यूएसबीच बसवलं तर?

बसवा, वायर आणि फ्यूजचे नियम तेच. माझं मत मात्र गोल सॉकेटच्या बाजूने आहे. यूएसबीचे प्रकार दर काही वर्षांनी बदलतात. गोल सॉकेटचं माप मात्र तसंच राहिलंय, त्यात उद्याचा चार्जरही बसेल. शिवाय यूएसबीवर पंप चालत नाही.

चार्जर मात्र ओळखीच्या कंपनीचा घ्या. जुन्या गाडीचा रेग्युलेटर दमलेला असला की व्होल्टेज वर उसळतं आणि फुटपाथवरच्या चार्जरमध्ये ते अडवायला काही नसतं.

चार्जर लावला की एफएमवर खरखर येते. सॉकेटचा दोष का?

बहुधा चार्जरचा. प्लग काढल्यावर खरखर थांबली तर चार्जर बदला. थांबली नाही तर सॉकेटची वायर एरियलच्या वायरीपासून दूर न्या.

बॅटरी उतरेल का?

८०० ची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. इंजिन बंद ठेवून अर्ध्या अँपिअरचा डॅशकॅम चालू राहिला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. दीड दिवसात बॅटरी निम्मी, आणि जुनी असेल तर त्याआधीच सेल्फ घरघरतो. कायम चालू सॉकेटमध्ये नुसता निळा दिवा असलेला रिकामा चार्जर विसरलात, त्याने २० मिलिअँपिअर घेतले, तरी महिन्याला चौदा-पंधरा अँपिअर-तास गेले. गणपतीला गावी जाऊन आल्यावर गाडी धक्क्यावर काढावी लागते, ती अशानेच.

इंजिन चालू असतानाही जपून. साठ-पंचावन्न वॉटचे दोन हेडलाइट नऊ-दहा अँपिअर खातात. त्यात वायपर, ब्लोअर, इग्निशन. छोट्या गाडीच्या अल्टरनेटरकडे आयडलला या सगळ्यांनंतर पंपाला द्यायला १० अँपिअर उरत नाहीत. पंप लावताना हेडलाइट आणि ब्लोअर बंद करा.

सॉकेटसोबत छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो मला फार आवडतो. जुन्या गाडीची तब्येत त्यात रोज दिसते. इंजिन बंद असताना १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. १३ च्या खाली रेंगाळलं तर पट्टा किंवा अल्टरनेटर बघा, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर. हा मीटरही चावीवरच्या लाइनवर घ्या.

गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट आहे.

मग डिकीत सॉकेट नको आणि डिकीतून वायरही नको. सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. एलपीजी जड, तो डिकीच्या तळाशी साचून राहतो. प्लग लावताना-काढताना बारीक ठिणगी पडतेच. पुढे डॅशबोर्डवर सॉकेट चालेल, पण वायर गॅसच्या पाइपला बांधू नका. वायरमन सोयीचा आधार म्हणून नेमकं तेच करतात. गॅसचा वास येत असेल तर कशालाच हात न लावता खाली उतरा.

आरटीओ किंवा विम्याची अडचण येते का?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या नोंदींशी न जुळणाऱ्या बदलांबद्दल आहे. सॉकेटची आरसीवर नोंदच नसते. पंधरा वर्षांनंतर आरसी नूतनीकरणासाठी गाडी दाखवायला न्याल तेव्हा लोंबणाऱ्या वायरी मात्र नकोत. विम्यात नंतर बसवलेली महागडी इलेक्ट्रिक उपकरणं वेगळी नोंदवता येतात. सॉकेटसाठी त्याची गरज नाही. बिल ठेवा आणि कामाचे फोटो काढून ठेवा.

उंदीर वायरी कुरतडतात, त्याचं काय?

आपल्याकडे हा खराखुरा प्रश्न आहे, विशेषतः पावसात. बोनेटखाली ऊब मिळते म्हणून ते येतात. खाचांच्या नळीने थोडा अडथळा होतो, पूर्ण नाही. म्हणूनच फ्यूज बॅटरीजवळ हवा. कुरतडलेली वायर बॉडीला टेकली तर फ्यूज उडेल आणि गोष्ट तिथेच थांबेल. महिन्यातून एकदा बोनेट उघडून वायरीवर नजर फिरवा.

मला स्वतः जमणार नाही. वायरमनला काय सांगू?

पाच गोष्टी कामाआधी स्पष्ट बोला: लाइन बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीजवळ, वायर २.५ ची, रिले एसीसीवर, जोड थिंबलचा. सामान स्वतः घेऊन गेलात तर आणखी बरं. मला गेल्या वेळी सॉकेट, वायर, रिले, होल्डर, नळी, सगळं मिळून हजाराच्या आत पडलं. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन या यादीवर खूश होतो. "एवढं कशाला, रेडिओवरून देतो ना" म्हणाला तर दुसरीकडे जा. मजुरी जास्त मागितली तर द्या, नीट काम म्हणजे दीड-दोन तासांचं काम आहे.

स्वतः करताना बॅटरी आधी सोडवायची का? कुठलं टोक आधी?

निगेटिव्ह आधी, दहा नंबरच्या पान्याने. पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर पान्यातूनच शॉर्ट होतो, ठिणग्या उडतात, पाना चिकटतो, आणि बॅटरीवर हायड्रोजन साचलेला असू शकतो. निगेटिव्ह आधी सुटलेलं असेल तर पाना कुठेही लागो, काही होत नाही. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा.

चालत्या गाडीत जळका वास आला तर?

प्लग ओढा, गाडी कडेला घ्या, चावी बंद करा, सगळ्यांना उतरवा. धूर बोनेटमधून येत असेल तर बोनेट सताड उघडू नका, हवा मिळाली की ज्वाळ उठते. फटीतून पावडरचा अग्निशामक मारा. किलोभराचा एबीसी पावडरचा सिलिंडर पुढच्या सीटखाली मावतो. माझ्याकडे घाटातल्या त्या दिवसापासून आहे.

सगळं बसवून झालं. बरोबर झालंय हे कसं कळणार?

फ्यूज अजून घालू नका. आधी मल्टीमीटरने सॉकेटची मधली पिन आणि नळकांडं यांच्यात शॉर्ट नाही ना, बघा. मग फ्यूज घाला, चावी एसीसीवर घ्या. मधल्या पिनेवर पॉझिटिव्ह, बॅटरीएवढं व्होल्टेज दिसलं पाहिजे. चावी काढली की शून्य.

आता इंजिन सुरू करून हवेचा पंप लावा आणि दहा मिनिटं चालवा, किंवा पंपावर जेवढा सलग वेळ लिहिला असेल तेवढा. तेवढ्या वेळात फ्यूज होल्डर, रिले, सॉकेटची मागची बाजू, अर्थचा बोल्ट, सगळीकडे हाताने चाचपत फिरा. कोमट लागलं तर ठीक. चटका बसला तर तो जोड सोडून पुन्हा करा. मी हे झाल्यावर गाडी एकदा खराब रस्त्याने फिरवून आणतो आणि मग पुन्हा सगळे जोड ओढून बघतो.

शेवटी एका जाड कागदावर वायरिंग काढा: कुठून निघाली, कुठल्या भोकातून आत आली, रिले कुठे, फ्यूज किती अँपिअरचा. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन जास्तीच्या लाल फ्यूजसकट ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. आमच्या गाडीत तो आहे, आणि त्यावर तारीखही घातलीय.